विकेंद्रित संगीत-सर्व्हर आणि कलाकारांचे पैसे: प्ले मोजण्याआधी थोडं थांबा

प्रश्न थोडक्यात असा आहे. काही संगीतकार आणि दोन-तीन प्रोग्रामर मिळून फंकव्हेलसारख्या मुक्त सॉफ्टवेअरवर स्वतःचा सर्व्हर चालवतात. त्यांची गाणी इतरांच्या सर्व्हरवरही पोचतात आणि ऐकली जातात. आता कलाकारांना ‘दर प्लेमागे’ रास्त पैसे द्यायचे आहेत. त्यासाठी ब्लॉकचेन (अनेक संगणकांवर एकसारखी ठेवलेली, मागून बदलता न येणारी नोंदवही) लागेल, की देणगीचं एक बटण पुरेल?

मी बरीच वर्षं संगीतकारांच्या लहान गटांचे हिशेब बघतो आणि असे सर्व्हर उभे करायला मदत करतो. माझं उत्तर सुरू होतं ते प्रश्नातल्या ‘दर प्लेमागे’ या शब्दांपासूनच, कारण खरी गफलत तिथे आहे.

मोठ्या स्ट्रीमिंग कंपन्यांकडेही दर प्लेमागे ठरलेला भाव नसतो. महिन्याची वर्गणी आणि जाहिरातींचे पैसे एका हौदात जमा होतात, कंपनी आपला वाटा काढून घेते आणि उरलेली रक्कम एकूण प्लेच्या प्रमाणात हक्कधारकांत वाटली जाते. ‘एका प्लेला इतके’ हा आकडा म्हणजे महिनाअखेरीस निघालेला भागाकार. तो आधी कुणीच ठरवलेला नसतो. शिवाय या भागाकारात सगळ्यांना जागा असतेच असंही नाही. 2024 पासून स्पॉटिफायवर मागच्या 12 महिन्यांत 1,000 प्ले न झालेल्या गाण्याला रेकॉर्डिंगच्या रॉयल्टीत काहीच मिळत नाही. म्हणजे ज्या पद्धतीची तुम्ही नक्कल करायला निघालात, ती लहान कलाकाराला सोयीची नाहीच. आणि ती चालण्यासाठी जी एक गोष्ट लागते, सगळे प्ले एकाच ठिकाणी मोजणारी यंत्रणा, तीच तुमच्याकडे नाही. नसावीच, म्हणून तर विकेंद्रित व्यवस्था.

सर्व्हर-सर्व्हरांमधली देवाणघेवाण ॲक्टिव्हिटीपब या प्रोटोकॉलवर होते (2018 मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं त्याला मान्यता दिली). दुसऱ्या सर्व्हरनं कळवलं, ‘आमच्याकडे हे गाणं 4,000 वेळा वाजलं’. त्या निरोपावर डिजिटल सही असेल. सहीवरून निरोप कुणी धाडला ते कळतं. तो खरा आहे का, हे कळायला काही मार्ग नाही. एका दुपारात कुणीही सर्व्हर उभारून त्यात 500 खोटी खाती भरू शकतो. ज्यांच्याकडे सगळा डेटा एका छताखाली आहे, त्यांनाही हे आवरत नाही. 2024 मध्ये अमेरिकेत एका माणसावर आरोपपत्र दाखल झालं: एआयनं बनवलेली लाखो गाणी, ती अखंड वाजवणारी हजारो बॉट खाती आणि त्यातून 1 कोटी डॉलरपेक्षा जास्त रॉयल्टी. सामाईक हौद म्हटला की त्यात नळी टाकणारा कुणीतरी येतोच.

हौदातून चोरी नेमकी कशी होते ते आकड्यात बघा. एका खात्याची वर्गणी महिन्याला 10 डॉलर धरा. त्या खात्यावर 30 सेकंदांचे तुकडे रात्रंदिवस वाजवले तर दिवसाला 2,880 आणि 30 दिवसांत 86,400 प्ले होतात. महिनाअखेरीचा भागाकार 0.003 डॉलर आला असं धरलं, तर 10 डॉलर टाकून 259 डॉलर बाहेर पडतात. हे जास्तीचे 249 डॉलर दुसऱ्या कुठल्यातरी गायकाच्या, वादकाच्या वाट्यातून गेलेले असतात.

यावरचा उपाय सोपा आहे आणि तो विकेंद्रित व्यवस्थेला अगदी फिट्ट बसतो. हौद करूच नका. प्रत्येक ऐकणाऱ्याचे पैसे फक्त त्यानं ऐकलेल्या कलाकारांतच वाटा. इंग्रजीत याला ‘यूजर-सेंट्रिक’ म्हणतात. आपण ‘श्रोतानिहाय वाटप’ म्हणू.

समजा दोनच वर्गणीदार आहेत, दोघंही 10 डॉलर भरतात. पहिला महिन्याभरात एकाच सारंगीवादकाची 10 गाणी ऐकतो. दुसऱ्यानं दिवसभर गाणी लावून ठेवलेली असतात. त्याचे 990 प्ले होतात, सगळे इतरांचे. हौद-पद्धतीत 20 डॉलर भागिले 1,000 प्ले, म्हणजे सारंगीवादकाला 20 सेंट. श्रोतानिहाय वाटपात त्याला पहिल्या श्रोत्याचे पूर्ण 10 डॉलर (खर्च वजा जाता). त्या श्रोत्याला विचारा, तुझे पैसे कुणाला जावेत असं तुला वाटतं? उत्तर उघड आहे.

पण तुमच्या दृष्टीनं यातला मोठा फायदा वेगळाच आहे. या पद्धतीत कुठल्याही सर्व्हरला दुसऱ्या सर्व्हरच्या आकड्यांवर विश्वास ठेवावा लागत नाही. प्रत्येक सर्व्हर आपल्याच सभासदांचे पैसे आपल्याच सभासदांच्या ऐकण्यानुसार वाटतो. एखाद्यानं 500 खोटी खाती केली, तर त्या खात्यांची वर्गणी त्यालाच भरावी लागेल आणि जास्तीत जास्त तेवढीच रक्कम, तीही कार्डाचा खर्च कापून, परत मिळेल. खोटेपणा तोट्यात जातो, त्यामुळे पोलिसगिरीची गरज पुष्कळ कमी होते. (पूर्ण जात नाही. चोरीच्या कार्डांनी वर्गणी भरून आपल्याच गाण्यांना पैसे वळवणारे असतात. म्हणून नव्या खात्याचे पैसे कलाकाराला देण्याआधी काही आठवडे अडकवून ठेवावेत.) आणखी एक गोष्ट: कुणी काय ऐकलं याची नोंद सर्व्हरबाहेर जातच नाही. बाहेर जाते ती फक्त कलाकाराच्या नावची एकूण रक्कम.

ही कल्पना नवी नाही. 2010 मध्ये पीटर सुंडे यांच्या पुढाकारानं फ्लॅटर हे छोट्या देणग्यांचं व्यासपीठ सुरू झालं तेव्हा तत्त्व हेच होतं: महिन्याला ठरावीक रक्कम ठेवा, जिथे जिथे बटण दाबाल त्यांच्यात ती वाटली जाईल. नंतर ते बंद पडलं. 2021 मध्ये साउंडक्लाउड या स्ट्रीमिंग सेवेनं स्वतंत्र कलाकारांसाठी अशी पद्धत सुरू केली. त्याच वर्षी फ्रान्सच्या राष्ट्रीय संगीत केंद्रानं मोठ्या स्ट्रीमिंग सेवांचा डेटा घेऊन अभ्यास केला. निष्कर्ष असा की पद्धत बदलली तर वरच्या थराचं थोडं कमी होतं, इतरांचं थोडं वाढतं. क्रांती वगैरे होत नाही. हे साहजिकच आहे. वाटपाची पद्धत बदलल्यानं पैसे वाढत नसतात. 40 वर्गणीदारांच्या सर्व्हरवर 60 कलाकार असतील, तर वाटप कितीही न्याय्य असो, कुणाचंही पोट भरणार नाही. हे कलाकारांना आधीच स्पष्ट सांगा. मी पाहिलेल्या गटांत कटुता आली ती कमी पैशांमुळे क्वचित. आली ती फुगवून सांगितलेल्या अपेक्षांमुळे.

वाटपाचं माप काय असावं? प्ले नको, मिनिटं धरा. दोन मिनिटांचं गाणं आणि पाऊण तासाचं वादन यांना ‘एक प्ले’ म्हणून समान मोजणं हा उघड अन्याय आहे, आणि त्यामुळेच गाणी आखूड करण्याचा हव्यास वाढतो. मिनिटं मोजली की तो मोह उरत नाही. उलट बाजूनं कुणी दहा तासांचा पावसाचा आवाज अपलोड करून झोपणाऱ्या श्रोत्यांचे पैसे गोळा करेल. त्यावर मी वापरतो तो तोडगा असा: महिनाअखेरीस श्रोत्याला त्याचा हिशेब दाखवा आणि वाटप हातानं बदलायची मुभा द्या. ‘पावसाच्या आवाजाला सगळे का? निम्मे त्या गायिकेला द्या’ असं तो एका क्लिकमध्ये म्हणू शकला पाहिजे. बहुतेक जण काहीच बदलत नाहीत, पण आपले पैसे कुणाकडे गेले हे पाहिलेला श्रोता वर्गणी सहसा सोडत नाही.

स्ट्रीमिंगबद्दल इतकं लिहिलं, पण लहान कलाकाराला हाताशी लागणारा पैसा विक्रीतून येतो. पूर्ण अल्बमची डाउनलोड, ‘किमान इतके, वर तुमच्या मर्जीनं’ असा चौकोन, सोबत एखादी वस्तू. बँडकॅम्प या संगीत-विक्रीच्या संकेतस्थळानं 2008 पासून याच जोरावर बस्तान बसवलं: डिजिटल विक्रीवर 15 टक्के (एका वर्षात 5,000 डॉलरची विक्री झाली की 10 टक्के), वस्तूंवर 10. हा आकडा तुमचा मापदंड समजा. त्याहून जास्त कापणार असाल तर का, हे कलाकारांना पटवून द्यावं लागेल. ‘मर्जीनं’ हा चौकोन मात्र कधीही रिकामा ठेवू नका. त्यात एक सुचवलेली रक्कम भरून ठेवा; शून्य दिसलं की लोक शून्यच ठेवतात.

स्ट्रीमिंग आणि विक्री यांची सांगड घालणारी मला आवडलेली कल्पना रेझोनेट या सहकारी संस्थेची. तिथे गाण्याचा पहिला प्ले जवळपास फुकट असे, 0.002 क्रेडिटला (क्रेडिट म्हणजे तिथलं आगाऊ भरलेलं चलन). दर पुढच्या प्लेला किंमत दुप्पट होई. नऊ प्ले झाले की एकूण 1.022 क्रेडिट भरलेले असत, म्हणजे साधारण एका डाउनलोडची किंमत, आणि गाणं कायमचं तुमचं; पुढे कितीही ऐका. नवं ऐकून बघायला स्वस्त, आवडतं ते विकत. गणित सुबक आहे. अडचण इतकीच की ‘महिन्याला इतके’ या एका वाक्याची सवय झालेल्या श्रोत्याला हे समजावून सांगताना दमछाक होते.

आता पैसे प्रत्यक्ष पोचवण्याचा भाग. इथे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायला वेळ लागत नाही. कार्ड-प्रक्रियेचा अमेरिकेतला सर्वसाधारण दर 2.9 टक्के अधिक दर व्यवहाराला 30 सेंट आहे. 10 डॉलर भरले तर 9.41 उरतात. 1 डॉलर भरला तर 67 सेंट, म्हणजे तिसरा हिस्सा वाटेतच गेला. ‘एका गाण्याला 20 सेंट’ असं बटण कार्डावर चालूच शकत नाही. म्हणून श्रोत्याकडून महिन्यातून किंवा तिमाहीतून एकदाच पैसे घ्या आणि वाटप तुमच्या वहीत करा. लिबरापे ही ना-नफा संस्था असंच काहीसं करते: देणगी आठवड्याच्या हिशेबात ठरते, पण दात्याला कित्येक महिन्यांचे पैसे एकदम भरायला सुचवलं जातं आणि ते थेट घेणाऱ्याच्या खात्यात जातात.

‘थेट घेणाऱ्याच्या खात्यात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. लोकांचे पैसे स्वतःच्या खात्यात घेऊन पुढे वाटणं याला बहुतेक देशांत परवाना लागतो. युरोपात पेमेंट-सेवांचा कायदा आहे, अमेरिकेत राज्याराज्यांचे मनी-ट्रान्समिशनचे नियम आहेत. हौशी प्रोग्रामरनं स्वतःच्या वैयक्तिक खात्यावर इतरांची रॉयल्टी जमा करणं हा तर शुद्ध आत्मघात. कराच्या नोटिशीत ती सगळी रक्कम त्याचं उत्पन्न म्हणून दिसते. पेमेंट कंपन्या ‘जोडलेली खाती’ देतात: प्रत्येक कलाकार स्वतःची ओळख पटवून खातं जोडतो, रक्कम तिकडे वळते, सर्व्हरचा हिस्सा तेवढा बाजूला निघतो. मिर्लो हे मुक्त सॉफ्टवेअरवरचं संगीत-व्यासपीठ अशाच पद्धतीनं चालतं. आणि ज्यांना सर्व्हरचीही दगदग नको, त्यांच्यासाठी फेअरकॅम्प आहे. ते फक्त साधी स्थिर पानं तयार करतं, पैसे भरलेत की नाही हे बरंचसं श्रोत्याच्या प्रामाणिकपणावर सोडतं. एकट्या कलाकाराला ते बऱ्याचदा पुरतं.

ब्लॉकचेनचं काय? थोडक्यात सांगतो. साखळीवर ‘या खात्यातून त्या खात्यात इतके गेले’ ही नोंद पक्की होते. ‘हे गाणं खरंच कुणी माणसानं ऐकलं’ हे साखळीला कळत नाही, आणि ‘हे गाणं अपलोड करणाऱ्याचंच आहे’ हेही नाही. तुमच्या दोन्ही मूळ अडचणी जशाच्या तशा राहतात, वर खात्याच्या गुप्त किल्ल्या (पासवर्डसारखे कोड) सांभाळायचं काम वाढतं. जुलै 2022 मध्ये ऑडियस या ब्लॉकचेनवरच्या संगीत-सेवेच्या कारभार-करारातली (कारभाराचे नियम आपोआप पाळणाऱ्या प्रोग्राममधली) चूक हेरून कुणीतरी सामुदायिक तिजोरीतले 1.8 कोटींहून जास्त टोकन पळवले. पुनर्विक्रीवर कलाकाराला आपोआप टक्का मिळेल हे एनएफटीचं (डिजिटल कलाकृतीच्या मालकीची साखळीवरची नोंद) आश्वासनही करारात पक्कं नव्हतंच. ते बाजारपेठांच्या मर्जीवर होतं, आणि ऑगस्ट 2023 मध्ये ओपनसी या मोठ्या बाजारपेठेनं तो टक्का बंधनकारक न ठेवण्याचं जाहीर केलं तेव्हा ते अनेकांना कळलं.

या सगळ्यातून उचलण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे, ती पॉडकास्टवाल्यांनी काढली. पॉडकास्टिंग 2.0 या खुल्या मानकाच्या फीडमध्ये (ॲप वाचतं त्या भागांच्या यादीत) ‘व्हॅल्यू’ नावाचा एक भाग असतो. त्यात पैसे घेणाऱ्यांची यादी आणि प्रत्येकाचा हिस्सा लिहिलेला असतो. ॲपनं पैसे पाठवले की ते त्या हिश्शांत वाटूनच निघतात, मध्ये कुणाच्या खात्यात थांबत नाहीत. एखाद्या कार्यक्रमात दुसऱ्याचं गाणं वाजलं, तर तेवढ्या मिनिटांपुरते पैसे त्या गाण्याच्या फीडकडे वळवायची सोयही आहे. हे प्रामुख्यानं बिटकॉइनच्या लाइटनिंग या छोट्या, झटपट व्यवहारांच्या जाळ्यावर चालतं. त्यात वर-खाली होणारा भाव आणि वॉलेटची कटकट आलीच, पण ती कल्पना कुठल्याही चलनाला लावता येते: गाणं जिथे जाईल तिथे त्याच्या वाटेकऱ्यांची यादी सोबत जावी.

आता त्या यादीकडे येतो, कारण माझ्या मते रास्त मोबदल्याचा निम्मा प्रश्न इथे आहे. प्लॅटफॉर्म कलाकाराला लुबाडतात याबद्दल सगळे बोलतात. बँडचा पुढारी तालवादकाला पैसेच पोचवत नाही, हे कुणी बोलत नाही.

समजा एका गाण्यात पाच माणसं आहेत: शब्द एकीचे, चाल दुसऱ्याची, गायलं तिसरीनं, ताल चौथ्याचा, मिक्सिंग पाचव्याचं. यात दोन वेगळे हक्क गुंतलेले आहेत. शब्द आणि चाल मिळून रचनेचा हक्क. गायलेलं-वाजवलेलं आणि ध्वनिमुद्रित झालेलं, तो रेकॉर्डिंगचा हक्क. दुसऱ्या कुणी तीच चाल गायली तर रचनेवाल्यांना पैसे मिळायला हवेत, पहिल्या गायिकेला नाहीत. म्हणून यादी एक नको, दोन हव्यात. मी गटांना एक साधा कागद भरायला लावतो: रचना 100 हिस्से, शब्द 50, चाल 50. रेकॉर्डिंग 100 हिस्से, गायिका 45, चालकार (त्यानंच वाद्यमेळ बसवला म्हणून) 25, तालवादक 20, मिक्सिंग 10. मग या दोन शंभरांत सर्व्हरवरचं उत्पन्न कसं विभागायचं ते ठरवायचं. स्वतःच्याच रचना गाणाऱ्या गटांत अर्धं-अर्धं हे प्रमाण भांडण न होता मान्य होतं. आकडे काय यापेक्षा ते केव्हा लिहिले याला महत्त्व आहे. रेकॉर्डिंगच्या दिवशी, चहा पिताना, सगळे खुशीत असताना लिहा. गाणं चाललं की मग प्रत्येकाला आपलाच हात सगळ्यात मोठा वाटतो.

सॉफ्टवेअरमध्ये याची अंमलबजावणी अशी असावी: अपलोड करणारा यादी भरतो, यादीतल्या प्रत्येकाला निरोप जातो, प्रत्येक जण स्वतःच्या खात्यातून ‘मान्य’ म्हणतो. जोवर सगळे मान्य करत नाहीत तोवर गाणं ऐकता येईल, पण त्याचे पैसे अडकून राहतील. हा एक नियम लावल्यावर एरवी महिनोन्‌महिने रेंगाळणारी बोलणी दोन दिवसांत उरकतात. ‘एकदाच मानधन घेतलं, हिस्सा नको’ असं म्हणणाऱ्याचंही नाव यादीत ठेवा, शून्य हिश्शासकट. श्रेय आणि पैसा या दोन नोंदी आहेत. हिस्से बदलले तर बदल पुढच्या तारखेपासून लागू. झालेलं वाटप उकरायचं नाही.

एक बारीक गोष्ट, जी प्रोग्रामर मंडळी हमखास विसरतात. हिशेब दशांशात नको, सेंटसारख्या सगळ्यात लहान एककात पूर्णांकात ठेवा. 100 सेंट तिघांत सारखे वाटले की 33, 33, 33 आणि एक सेंट उरतो. हा सेंट कुणाचा? नियम लिहून ठेवा (मी सगळ्यात मोठा अपूर्णांक राहिलेल्याला देतो, तिथेही बरोबरी झाली तर महिन्यागणिक पाळी बदलते). रक्कम क्षुल्लक आहे, पण वहीची बेरीज एका सेंटनं चुकली की पुढे कुणीच त्या वहीवर विश्वास ठेवत नाही.

प्रत्येक रेकॉर्डिंगला ओळख-क्रमांक हवा. 12 अक्षरांचा आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) असेल तर उत्तम, नसेल तर म्युझिकब्रेन्झ या संगीताच्या खुल्या माहितीकोशातली नोंद चालेल. तेच गाणं तीन सर्व्हरांवर तीन नावांनी फिरत असेल, तर पैसे जोडायला दुसरा धागा नसतो. आणि पैशांचा पत्ता नेहमी गाण्याच्या मूळ सर्व्हरवरून, त्याच्या सहीनिशी घ्या. मधल्या सर्व्हरनं प्रत ठेवताना पत्ता बदलला तर श्रोत्याला पत्ताही लागणार नाही. कलाकारानं पत्ता बदलला तर आठवडाभर थांबा आणि सगळ्या वाटेकऱ्यांना कळवा. हॅक झालेल्या खात्यातून पहिलं काम हेच होतं.

सर्व्हरचा स्वतःचा वाटा किती? आधी खर्च बघा. 128 केबीपीएसचा, ओपस या प्रकारात दाबून साठवलेला आवाज मिनिटाला जेमतेम 1 एमबी घेतो. 1,000 तासांचं ऐकणं म्हणजे 58 जीबीच्या आसपास. एवढा डेटा पाठवण्याचा खर्च काही मोठा होत नाही. खरा खर्च माणसांचा आहे: कॉपीराइटच्या तक्रारी, चोरीचे अपलोड, रात्री पडलेला सर्व्हर, ‘माझे पैसे आले नाहीत’ अशी पत्रं. हे काम बहुतेक ठिकाणी एक-दोघं फुकट करतात आणि एक दिवस थकून सर्व्हरच बंद करतात, गाणी आणि हिशेब दोन्ही बुडतात. त्यामुळे त्यांना मानधन द्या, आणि ते श्रोत्याच्या पावतीवर वेगळ्या ओळीत दाखवा: इतके कलाकारांना, इतके कार्डाच्या खर्चाला, इतके सर्व्हर चालवणाऱ्यांना. ही ओळ लपवायचं काही कारण नाही. देणगीचं बटणही तसंच. मुक्त संस्कृतीतल्या मंडळींना पैसे मागायचा संकोच फार. बटण पानाच्या तळाशी, करड्या अक्षरात. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काय हशील? गाणं वाजतंय तिथेच, कलाकाराच्या नावाशेजारी बटण ठेवा. इतर सर्व्हरांवरच्या श्रोत्यांकडून वर्गणी येत नसेल, तरी गाण्यासोबत गेलेलं हे बटण त्यांच्यापर्यंत पोचतं. तुमच्या प्रश्नातल्या ‘पुरेल का’ याचं उत्तर: एकटं बटण पुरत नाही, पण पहिल्या दिवशी करण्यासारखं तेच आहे.

परवान्यांकडे दुर्लक्ष करू नका. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना दिला म्हणून गाणं विकता येत नाही असं नाही. कलाकार विकू शकतोच. मात्र एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, आणि ‘अव्यावसायिक’ अट नसेल तर दुसराही कुणी ते विकू शकतो. वर्गणी घेणारा सर्व्हर ‘अव्यावसायिक’ ठरतो का, यावर वाद घालत बसण्यापेक्षा अपलोडच्या वेळी कलाकाराकडून सर्व्हरपुरती वेगळी लेखी परवानगी घ्या.

त्याहून नाजूक बाब कॉपीराइट संस्थांची, म्हणजे कलाकारांच्या वतीनं रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थांची. अनेक देशांत कलाकार अशा संस्थेचा सभासद झाला की सार्वजनिक प्रक्षेपणाचे हक्क तिच्याकडे जातात. मग तो स्वतः ‘फुकट वाजवा’ म्हणाला तरी ते त्याच्या हातात नसतं. फ्रान्समध्ये सां-मॅक्लू या दुकानांच्या साखळीनं जामेंडो या मुक्त परवान्यांच्या संगीताच्या व्यासपीठामार्फत संस्थांच्या बाहेरचं संगीत दुकानांत वाजवलं. तरीही कायद्यानं ठरलेला मोबदला वसूल करणाऱ्या संस्थेला तो द्यावाच लागेल, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2019 मध्ये दिला. म्हणून अपलोडच्या अर्जात पहिला प्रश्न ‘तुम्ही कुठल्या संस्थेचे सभासद आहात का?’ हाच असू द्या. होय म्हणणाऱ्यांची गाणी त्या संस्थेशी बोलून झाल्यावरच घ्या. आपल्या देशातल्या वकिलाला एकदा विचारण्याचा खर्च इथे वसूल होतो.

मालकीबद्दल एवढंच: बँडकॅम्प मार्च 2022 मध्ये एपिक गेम्स या व्हिडिओ-गेम कंपनीनं घेतलं, 2023 मध्ये साँगट्रेडर या संगीत-परवान्यांच्या कंपनीला विकलं आणि त्या बदलात जवळपास निम्मे कर्मचारी घरी गेले. कलाकारांना कुणी विचारलं नाही. विचारायची तरतूदच नव्हती. तुमचा गट लहान आहे तोवरच सहकारी संस्था म्हणून नोंदवा, आणि हिशेबाची वही कलाकाराला हवी तेव्हा पूर्ण उतरवून घेता येईल अशी ठेवा. ज्या सर्व्हरवरून गाणी नेता येतात पण हिशेब नेता येत नाही, तो अर्धाच मुक्त.

शेवटी राहिला तो मुद्दा कुणीच आधी विचारात घेत नाही: ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांचे पैसे. यादीत नाव आहे, पण तालवादकानं खातं जोडलंच नाही. गायिका वारली आणि वारस कोण ते माहीत नाही. मोठ्या व्यवस्थेत असे पैसे केवढे साचतात याचा एक नमुना: अमेरिकेत 2021 च्या सुरुवातीला स्ट्रीमिंग कंपन्यांनी मेकॅनिकल लायसन्सिंग कलेक्टिव्ह या रचनेची रॉयल्टी वाटणाऱ्या नव्या संस्थेकडे, कुणाची ते न जुळलेल्या रॉयल्टीचे 42.4 कोटी डॉलर सुपूर्द केले. अशी रक्कम बाजारातल्या हिश्शाप्रमाणे वाटायची जुनी रीत आहे, म्हणजे अनोळखी लहानांचे पैसे ओळखीच्या मोठ्यांकडे. तुम्ही तसं करू नका. दावा न झालेल्या रकमांची नावासकट यादी सर्व्हरवर जाहीर ठेवा, दर तिमाहीला त्या माणसांच्या सहकलाकारांना आठवण पाठवा, मुदत निदान तीन वर्षांची ठेवा आणि तुमच्या देशात याचा वेगळा कायदा असेल तर तो पाळा. मुदतीनंतर ते पैसे त्याच गाण्याच्या उरलेल्या वाटेकऱ्यांना द्या. सर्व्हरच्या खर्चात मात्र ते कधीही घालू नका, कारण ज्या दिवशी घालाल, त्या दिवसापासून माणसं न शोधण्यात सर्व्हरचाच फायदा असतो.